मशीन झोपवणारी अक्का

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही नवरा-बायकोने मिळून मशीन झोपवलं. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. त्याच्यानंतर सोबत जेवलो, चहा प्यालो, दोन वेळा भांडलोही, पण त्याला काम म्हणता येत नाही.

मशीन म्हणजे गवत कापायचं. हाताने ढकलायचं नव्हे, वर बसून चालवायचं. लाल रंगाचं, चार चाकांचं, ट्रॅक्टरला पोर झालं तर कसं दिसेल तसं. पोटाखाली पाती फिरतात. धुळ्याहून सोनगीरकडे जाताना हायवेला लागून एक कॉलेज आहे, नाव सांगत नाही, त्याच्या मैदानावर ते चालतं. चौदा वर्षं ते माझ्या बायकोने चालवलं. तिचं नाव केसरबाई. कॉलेजात लहानथोर सगळे केसरअक्का म्हणायचे, प्रिन्सिपलसुद्धा. मी तिथेच गेटवर वॉचमन होतो. मला आबा म्हणतात.

उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली जातं, मैदान पिवळं पडतं, मशीनला काम राहत नाही. मग ते आषाढापर्यंत बंद. कोणी म्हणालं, "अक्का, मशीन ठेवून दिलं का?" तर तिला राग यायचा. ठेवून देतात ते पातेलं. मशीन झोपवतात, आणि नीट झोपवलं नाही तर नीट उठत नाही, असं तिचं म्हणणं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके घेतात, चार दिवस कामाला हात लावत नाहीत. हिने तो सण मशीनला देऊन टाकला होता. स्वतः दोंडाईचाजवळच्या माहेरी चौदा वर्षांत एकदाही आखाजीला गेली नाही. भाऊ न्यायला यायचा. ती त्याला जेवू घालायची, मशीन दाखवायची आणि परत पाठवायची.

आम्ही पंपहाऊसच्या मागच्या खोलीत राहायचो. खोली माझ्या नोकरीची नव्हती. माझी नोकरी तर एजन्सीचे निळ्या ड्रेसचे गार्ड आले त्याच वर्षी गेली. खोली मशीनची. जो मशीन चालवेल त्याने जवळ राहायचं, असा कॉलेजचा नियम. म्हणजे चौदा वर्षं मी बायकोच्या खोलीत राहत होतो आणि बायको मशीनच्या. हे ती मला रोज ऐकवत नव्हती. आठवड्यातून दोनदा.

मशीन आलं तेव्हा कंपनीचा माणूस शिकवायला आला होता. त्याने तेव्हाच्या माळ्याला वर बसवलं. माळी मैदानात सरळ गेला, वळायचं कसं ते विसरला आणि झेंड्याच्या ओट्याला जाऊन धडकला. उतरला, चप्पल शोधली, हायवेवर गेला आणि शिरपूरच्या बसमध्ये बसला. परत आलाच नाही. केसरबाई तेव्हा तिथे रोजाने खुरपणी करायची. ती खुरपं खाली ठेवून उठली आणि म्हणाली, "त्यामा काय शे? शिंग मारी का?" आणि बसली.

तिच्या बापाला मुलगा नव्हता. धाकटा भाऊ फार उशिरा झाला. तोवर बैलगाडी, औत, सगळं हिनेच हाकलं. त्यामुळे वळण कुठे घ्यायचं, कडेला किती जागा सोडायची, हे तिला कंपनीच्या माणसापेक्षा जास्त कळत होतं. फक्त सवय जाईना. मशीन सुरू करताना जिभेने टक टक करायची आणि थांबवताना "हो, हो" म्हणायची. ब्रेक लावायची तो वेगळा. कंपनीच्या माणसाने सांगून पाहिलं की बाई, याला ऐकू येत नाही. ती म्हणाली, "त्याले तोंड नही, म्हनीसन मी बोलस." पुढे चौदा वर्षं कोणीही काही बोललं की हेच उत्तर.

बसायला अडचण नव्हती, लुगड्याला काष्टा होता. पायाची अडचण होती. कंपनीचा माणूस म्हणाला, चपलेवर चालवायचं नाही, बूट पाहिजे. तिने माझे वॉचमनचे जुने बूट घेतले, पुढे चिंध्या कोंबल्या आणि घातले. काष्टा, काळे बूट, दोन्ही कानात कापूस. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं गॅदरिंग चालू आहे. जवळून हसायची हिंमत कोणी केली नाही.

तिचे नियम फार. मशीनवर बसायच्या आधी सगळं मैदान पायी फिरायचं. दगड, तार, बाटलीची झाकणं, पोरांचे पेन, सगळं वेचायचं. एकदा तिने सांगूनही मी मैदानाच्या कोपऱ्यातला तुकडा फिरून पाहिला नाही. मशीन तिथे गेलं, पात्याने खडा उडाला आणि पाहुण्या साहेबांच्या उभ्या गाडीच्या काचेतून आत गेला. साहेब आत नव्हते म्हणून बरं. ती उतरली, खडा घेऊन आली आणि माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, जपून ठेवा, तुमचा आहे. तो आठ दिवस आमच्या देव्हाऱ्यात होता. मी आंघोळ करून देवाला हात जोडायचो आणि शेजारी तो खडा.

तापलेल्या मशीनमध्ये पेट्रोल घालायचं नाही. तापल्या चुलीवर कोणी रॉकेल ओततं का? उताराला आडवं चालवायचं नाही, वर-खाली चालवायचं, नाही तर कलंडतं. मागे घेताना पाती बंद. रस्ता ओलांडताना पाती बंद. कोणाला मांडीवर, मागे, बाजूला बसवायचं नाही. एकदा संस्थेच्या अध्यक्षांचा नातू हट्टाला पेटला. अध्यक्ष म्हणाले, अक्का, एक चक्कर मारून आणा. अक्काने चावी काढली, गळ्यातल्या पोतीत अडकवली आणि म्हणाली, तुम्ही त्याला घोडा करा, मशीन नाही होणार. अध्यक्षांनी मैदानावर घोडा केला. मी गेटवरून पाहिलं.

गवत एकदम बुडापासून कापायचं नाही, हाही नियम. तीन बोटं असेल तर एक बोट कापायचं. एकदम कापलं की ते पिवळं पडतं. प्रिन्सिपल म्हणायचे, अक्का, जरा बारीक करा, पुन्हा पुन्हा कापायला नको. ती विचारायची, तुम्ही वर्षाचे केस एकदाच कापता का? प्रिन्सिपलला केस नव्हते. तिच्या मनात काही नव्हतं. मी गेटकडे निघालो.

एक चूक मात्र तिनेही केली, आणि मोठी केली. पहिल्या वर्षी पोळा आला. तिचं म्हणणं, वर्षभर राबतो तो बैल, मग त्याला चार पाय असोत की चार चाकं. तिने पहाटे मशीन पंपहाऊसजवळ नेलं, पाण्याची नळी लावली आणि बैलाला घालतात तशी आंघोळ घातली. पाठीवरून, कपाळावरून, कानामागून. मशीनला कान नसतात, पण जिथे असते तिथून. मग हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढच्या दांड्यांना गेरू. पुरणपोळी दाखवली. त्या दिवशी तपासणीची कमिटी येणार होती आणि गवत घोट्यापर्यंत वाढलेलं. प्रिन्सिपल स्वतः खोलीवर आले. तिने सांगितलं, पोळ्याला खांद्यावर जू ठेवत नाहीत. ते विनवत राहिले, ती त्यांना पुरणपोळी वाढत राहिली. शेवटी ते जेवून गेले.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होईना. पाणी कुठे कुठे शिरलं होतं. आठ दिवस ते उभं. धुळ्याहून मिस्त्री आला, त्याने उघडलं, आतून पाणी ओतलं आणि विचारलं, "ह्याले आंघोळ कोणी घातली?" मी तिच्याकडे पाहिलं. ती आभाळाकडे. मिस्त्री गेल्यावर मला म्हणाली, बैलाला घाम येतो म्हणून आंघोळ, याला येत नाही, हे आधी कळायला पाहिजे होतं. पुढच्या पोळ्यापासून ओल्या फडक्याने अंग पुसायचं आणि खालून चिकटलेलं गवत बोथट खुरप्याने खरवडायचं, तेही चावी काढून. पुरणपोळी तेवढी राहिली. ती मी खायचो.

आता एक सांगतो, वाईट वाटलं तर वाटू द्या. माझी बायको माणसांशी फार गोड नव्हती. मला एकदा पाच दिवस ताप होता. ती म्हणाली, गोळी घ्या. त्याच महिन्यात मशीनचा आवाज बदलला तर तिने दोन दिवस भाकरी खाल्ली नाही. पोरगा सुरतेला गाडी चालवतो, त्याचा फोन यायचा. ती म्हणायची, बरा आहेस ना, हं, ठेव. आणि रजिस्ट्रार साहेबांकडे जाऊन ग्रीस आणि पट्टा अर्धा अर्धा तास मागायची. मी एकदा विचारलं, मी मेलो तर रडशील का? ती म्हणाली, आधी मरा. असं घर होतं आमचं. मला त्याची सवय झाली होती, आणि सवयीला लोक सुख म्हणतात.

गेल्या दिवाळीनंतर तिला दम लागायला लागला. धुळ्याला डॉक्टरकडे नेलं. ती एकटीच आत गेली, मला बाहेर पिशवी सांभाळायला बसवलं. बाहेर येऊन म्हणाली, पित्त आहे. मी मानलं. मला वाचता येतं, पण चिठ्ठी इंग्रजीत होती, आणि तीही तिने कमरेला खोचली.

तर आखाजीच्या आदल्या दिवसाचं सांगत होतो. दरवर्षी ती एकटी मशीन झोपवायची, मी विटा आणून द्यायचो. त्यापलीकडे मला हात लावू देत नव्हती. यंदा सकाळी सातला तिने बादली पालथी घातली, निंबाखाली तिच्यावर बसली आणि म्हणाली, "आज तुम्ही करा. मन्हा हात दुखतस."

मग सुरू झालं. आधी मशीन चालू करून उभं ठेवायचं, टाकीतलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत. पेट्रोल दोन महिने आत राहिलं की चिकट होतं आणि बारीक नळ्या बुजतात. मग ऑइल कोमट असतानाच काढायचं, थंड झालं की नीट येत नाही. नवीन ऑइल घातलं, काडी बुडवून तिला दाखवली. तिने काडी माझ्याकडे परत दिली, म्हणाली, पुसून पुन्हा बुडवा, पहिलं माप खोटं असतं. प्लगची तार काढली. मगच पात्याखाली हात घातला. खरवडलं, पुसलं, पात्यांना तेलाचं बोट फिरवलं. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबली. ती नसली तर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते. उंदरांसाठी डांबरगोळ्या.

बॅटरीवर आमचं वाजलं. मी पाना घेतला आणि समोर दिसली ती लाल तार खोलायला लागलो. पाना लोखंडाला टेकला, ठिणगी उडाली, मी मागे पडलो. ती हसली नाही.

"काळी आधी. मंग लाल," ती म्हणाली. "लावताना लाल आधी. परत करा."

मी परत केलं. तिने आणखी एकदा करायला लावलं. मग म्हणाली, तोंडाने सांगा. कॉलेजची चार-दोन पोरं-पोरी तिथून जात होती आणि मी, सत्तरीला टेकलेला माणूस, निंबाखाली उभा राहून काळी-लाल, लाल-काळी म्हणत होतो. मला राग आला. मी म्हणालो, मी काय शाळेत आहे का?

ती म्हणाली, "तुमनी शाळा चौथीमाच सुटनी. आज पुरी करा."

बॅटरी घरात नेऊन लाकडाच्या फळीवर ठेवली. महिन्याला एकदा चार्ज करायची, हे माझ्याकडून तीन वेळा वदवून घेतलं. मशीन विटांवर घेतलं, म्हणजे टायर एकाच जागी दबून राहत नाहीत. वरून जुनी सुती चादर. प्लॅस्टिक चालत नाही, खाली घाम धरतो आणि गंज चढतो. अकरा वाजले. माझी पाठ मोडली होती. ती बादलीवरून उठली, बादली सरळ केली आणि चहा करायला गेली. मला वाटलं, वय झालं, आता आळशी झाली.

सतरा दिवसांनी ती गेली. दुपारी भाकरी टाकून उठली, दाराला धरलं आणि खाली बसली. मी पाणी घेऊन आलो तोवर काम झालं होतं. बायांनी आंघोळ घातली तेव्हा पोतीत मशीनची चावी सापडली. एकीने विचारलं, ही कशाची? मी सांगितलं. तिने ती धुऊन माझ्या हातावर ठेवली. मी रडलो नाही. लोकांनी थोडी वाट पाहिली, मग चहा घेतला.

पोरगा म्हणाला, आबा, आता इथे काय आहे, चला सुरतेला. त्याचं खरं होतं. खोली मशीनची, मशीन अक्काचं, अक्का नाही. मला जायचं नव्हतं. सुरतेच्या खोलीची खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी दिसते. इथे मी दाराशी बसलो की मैदान दिसतं, निंब दिसतो, पंपाचा आवाज येतो. चाळीस वर्षांच्या संसारातली चौदा वर्षं इथे गेली. पण जायचं नाही असं सांगायला माझ्याकडे कारण नव्हतं. मी म्हणालो, कॉलेज सांगेल तेव्हा निघतो. दोन पेट्या बांधून ठेवल्या. बॅटरी मात्र महिना झाला तशी चार्ज केली. रिकाम्या हाताला काहीतरी पाहिजे.

आषाढ लागला, गवत वाढलं. रजिस्ट्रार साहेबांनी निरोप पाठवला. मी टोपी घातली आणि गेलो. मला वाटलं, खोली मागतील. मी किल्लीही सोबत नेली होती.

साहेबांनी बसायला सांगितलं. म्हणाले, आबा, उद्यापासून मशीन काढा, गवत फार झालंय. मी म्हणालो, कोण काढणार? ते म्हणाले, तुम्हीच. अक्का दिवाळीनंतर येऊन गेली होती. सांगून गेली की हृदयाचं दुखणं निघालंय, डॉक्टरने मशीनवर बसू नको सांगितलंय, आता आबा चालवतात, मी नुसती जवळ उभी राहते. कागदावर तुमचं नाव घाला म्हणाली. घातलंय. खोलीही तुमच्या नावाने आहे.

मी आयुष्यात तोंडावर बोलायला कधी घाबरलो नाही. त्या दिवशी घाबरलो. मी त्या मशीनवर एकदासुद्धा बसलो नव्हतो. दिवाळीनंतरही तीच चालवत होती, दम लागला की झाडाखाली थांबून. पित्त आहे म्हणायची. मी हो साहेब म्हणालो आणि किल्ली खिशात घेऊन परत आलो.

खोलीवर येऊन विचार केला. गप्प बसलो तर राहायला मिळतं. ती त्यासाठीच खोटं बोलली होती, आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हती. बोललो तर सुरत. पण गप्प बसून मशीनवर बसलो आणि ते बिघडवलं, कोणाला लागलं, तर बोल तिच्या नावाने लागणार, तिने सांगितलं होतं म्हणून. मला लागला असता तर चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसबाहेर जाऊन उभा राहिलो. साहेबांनी गाडी लावली, दार बंद केलं, तसा मी पुढे झालो. म्हणालो, "साहेब, ती खोटं बोलली. मला मशीन येत नाही. कधी बसलोच नाही मी त्याच्यावर."

साहेबांनी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "माहीत आहे, आबा. माझी खिडकी मैदानाकडे आहे. दिवाळीनंतर मशीनवर कोण होतं ते मला रोज दिसत होतं."

"मग हो का म्हणालात?"

"चौदा वर्षं ती माझ्याकडे मशीनसाठी आली. ग्रीस द्या, पट्टा द्या. त्या दिवशी पहिल्यांदा माणसासाठी आली."

मी आठ दिवस मागितले. जमलं तर ठीक, नाही तर पेट्या बांधलेल्याच आहेत. त्यांनी पंधरा दिले.

मी मैदान पायी फिरून आलो. विटा काढल्या, बॅटरी बसवली, पेट्रोल घातलं, ऑइलची काडी दोनदा बुडवली. चावी फिरवली. तिसऱ्या वेळी सुरू झालं. एजन्सीचा गार्ड गेट सोडून पाहायला आला, मी त्याला गेटवर हाकललं. पाती खाली घेतली आणि निघालो. पहिली ओळ फार वाकडी गेली. टोकाला जाऊन मागे पाहिलं, उतरलो नाही, मशीन वळवलं आणि तिला लागून दुसरी धरली.